गाडीची बॅटरी सारखी उतरते: जंप स्टार्टर घ्यावा की चार्जर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल गाडी, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी, वय तीन वर्षे. गाडी बहुतेक रविवारीच निघते, तीही पंधरा-वीस मिनिटांसाठी. गेल्या महिन्यात दोनदा सेल्फ मारल्यावर नुसते टक-टक-टक झाले आणि दोन्ही वेळा शेजारच्या गाडीला केबल जोडून गाडी चालू करावी लागली. दर वेळी कोणाला विनंती करायला नको म्हणून तुम्हाला जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी उतरली तरी गाडी चालू करून देणारा छोटा खोका, घ्यायचा आहे, घरचे म्हणतात चार्जर घे. आणि तुम्ही विचारता, 'जंप स्टार्टरने गाडी चालूही होते आणि बॅटरीही चार्ज होते, मग चार्जर वेगळा कशाला?'

घोटाळा या शेवटच्या वाक्यात आहे. जंप स्टार्टरने बॅटरी चार्ज होत नाही. मी बावीस वर्षे गाड्यांच्या इलेक्ट्रिकचे काम करतो आणि हा गैरसमज मला दर महिन्याला भेटतो. त्यापायी चांगल्या बॅटऱ्या वर्ष-दीड वर्ष आधी बाद झालेल्या पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या वर्णनावरून माझे मत: आधी व्होल्टेज आणि करंट मोजायचा मल्टिमीटर, मग चार्जर, आणि जंप स्टार्टर नंतर सवडीने. पण यात दोन-तीन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. गाडी उभी असते तिथे प्लग आहे का, गाडी घेऊन तुम्ही एकटे लांब जाता का, आणि गाडीत नंतर बसवलेले काही उपकरण आहे का. त्याकडे पुढे येतो. आधी हिशोब पाहू, कारण आकडे पाहिले की निम्मा प्रश्न सुटतो.

लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण दीडशे अँपिअर खेचतो. डिझेल असेल तर याहून बराच जास्त. पण खेचतो किती वेळ? गाडी ठीक असेल तर जेमतेम दोन सेकंद. दीडशे अँपिअर गुणिले दोन सेकंद म्हणजे ३०० अँपिअर-सेकंद. तासाचे ३६०० सेकंद, म्हणून भागून आले ०.०८ अँपिअर-अवर. तुमच्या बॅटरीत ४५ आहेत. म्हणजे एकदा गाडी चालू करायला बॅटरीतला पाचशेवा हिस्साही लागत नाही. सेल्फला साठा फारसा लागत नाही, त्याला लागतो जोर, तोही क्षणभर. बॅटरी अर्धीअधिक रिकामी झाली की हा जोर आधी जातो. म्हणूनच गाडीतले दिवे लागतात, हॉर्न वाजतो, गाणीही चालतात आणि सेल्फ मात्र फिरत नाही. दिव्यांना चार-पाच अँपिअर पुरतात.

जंप स्टार्टर हा नेमका तो क्षणभराचा जोर देतो. गाडी ढकलून चालू करायचो तसा हा खोक्यात भरलेला धक्का आहे. आत लिथियमचे तीन-चार सेल असतात आणि त्यांची ताकद ही, की छोट्या आकारातून काही सेकंद शेकडो अँपिअर सोडू शकतात. साठा मात्र किती? समजा खोक्यावर लिहिले आहे १२,००० मिलिअँपिअर-अवर. वाचून वाटते बारा अँपिअर-अवर, म्हणजे गाडीच्या बॅटरीच्या पाव हिश्श्याहून जास्त. पण तो आकडा बहुधा एका सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. १२ गुणिले ३.७ म्हणजे ४४ वॉट-अवर. तुमची बॅटरी ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० वॉट-अवर. बारा पट! भरलेला जंप स्टार्टर पूर्ण ओतला आणि थेंबही वाया गेला नाही, तरी रिकामी बॅटरी आठ टक्के भरेल. वर त्याचा व्होल्टेजही चार्जिंगला पुरत नाही. गाडीच्या शिशाच्या बॅटरीत करंट नीट शिरवायला १४ व्होल्टच्या पुढे जावे लागते, आणि तीन सेलचा लिथियम पॅक पूर्ण भरलेला असतानाच १२.६ असतो.

मागे एक गृहस्थ असाच जंप स्टार्टर घेऊन आले होते. बॅटरी 'भरावी' म्हणून त्यांनी तो रात्रभर जोडून ठेवला होता आणि सकाळी गाडी चालू केल्यावरही काढायला विसरले. इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचे १४ व्होल्ट उलटे त्या पॅकमध्ये शिरत राहिले. मी पाहिला तेव्हा खोके पोटाशी फुगले होते, रबरी बटण बाहेर ढकलले गेले होते आणि दोन झाकणांमधल्या फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसत होती. ते पेटले नाही हे नशीब. फुगलेला लिथियम पॅक पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, भोक पाडायचे नाही. घराबाहेर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवून ई-कचऱ्यात द्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, जंप स्टार्टर चार्ज करत नसेल, पण गाडी चालू झाल्यावर अल्टरनेटर करतोच ना? करतो, पण आपल्याला वाटते तितके नाही. याचे कारण शिशाच्या बॅटरीच्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव १८५९ मध्ये गॅस्तों प्लांते यांनी ही बॅटरी बनवली तेव्हापासून बदललेला नाही. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. चार्ज होताना तो परत विरघळतो. थर ताजा असेल तर चटकन विरघळतो. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट राहिली की त्या थराचे कडक, मोठे खडे होतात आणि ते साध्या चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. याला आम्ही सल्फेट धरणे म्हणतो. घरी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या बहुतेक याच कारणाने मरतात, वयाने नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी वेगाने भरते आणि शेवटचे वीस टक्के हळूहळू, तासन्तास घेत भरते. तिथे व्होल्टेज वाढवून घाई करता येत नाही, केली तर पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात आणि प्लेटा खराब होतात. वीस मिनिटांच्या फेरीत हे शेवटचे वीस टक्के कधीच भरत नाहीत. पूर्ण बसलेल्या बॅटरीवर तासभर गाडी पळवली तरी पुरते भरत नाही, आणि तेवढा वेळ अल्टरनेटर पूर्ण ताकदीने तापत राहतो. अल्टरनेटरचे काम चालू गाडीची वीज भागवणे आणि बॅटरीची वरवरची झीज भरून काढणे हे आहे. मेलेली बॅटरी उठवायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये.

तुमच्याच गाडीचा आठवडा मांडून पाहू. गाडी बंद असताना घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिट, रिमोटची वाट पाहणारे लॉक हे सगळे मिळून थोडा करंट घेतच असतात. २० ते ५० मिलिअँपिअर नेहमीचे समजा. ३० धरले तर दिवसाला ०.७ आणि सहा दिवसांत चार अँपिअर-अवरच्या वर गेले. रविवारी वीस मिनिटे गाडी फिरली. त्यात एसी, पंखा, दिवे, गर्दीत इंजिनाचा आयडल. बॅटरीच्या वाट्याला सरासरी आठ-दहा अँपिअर आले तर तीनेक अँपिअर-अवर परत आले. म्हणजे दर आठवड्याला एक-दीडची तूट. हा ढोबळ अंदाज आहे, पण दिशा खरी आहे. चार-पाच महिन्यांत बॅटरी निम्म्यावर येते, आणि निम्म्यावर राहिलेली बॅटरी वर सांगितल्याप्रमाणे सल्फेट धरते. मग एक दिवस टक-टक-टक. गाडीत काहीच बिघाड नसताना.

आणि त्या दिवशी जंप स्टार्टरने गाडी चालू केली तर तूट तशीच राहते. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

म्हणून चार्जर. चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. आधी ठरलेला करंट देत बॅटरी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत आणतो. मग व्होल्टेज तिथेच धरून करंट आपोआप कमी होऊ देतो, हाच तो शेवटच्या वीस टक्क्यांचा चिवट भाग. शेवटी १३.५ च्या आसपास उतरून नुसती निगा राखतो. असा चार्जर दिवसेंदिवस जोडून ठेवला तरी बॅटरीला इजा नाही. जुन्या पद्धतीचे जड ट्रान्सफॉर्मरचे चार्जर मात्र व्होल्टेज चढवतच राहतात. ते माझ्याकडेही आहेत, पण मी समोर असेन तेव्हाच लावतो. घरच्यासाठी घेऊ नका.

ताकद किती हवी? बॅटरीच्या अँपिअर-अवरचा दहावा हिस्सा हे जुने माप अजूनही चांगले आहे. तुम्हाला ४ ते ५ अँपिअरचा पुरे. बॅटरी निम्मी असेल तर २२ अँपिअर-अवर भरायचे, वर वीसेक टक्के वाया जाणार, म्हणजे २७. चार अँपिअरने सात तास, आणि शेवटचा हळू टप्पा धरून दहा-बारा. संध्याकाळी लावला की सकाळी काढायचा. पूर्ण बसलेली असेल तर अठरा-वीस तास धरा. एक अँपिअरचे छोटे चार्जर निगा राखायला उत्तम असतात, पण बसलेली बॅटरी उठवायला त्यांना तीन दिवस लागतील.

घेताना आपल्या बॅटरीचा प्रकार चार्जरवर आहे ना पाहा. साधी पाण्याची बॅटरी, सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांतली ईएफबी, आणि बंद रचनेची एजीएम. एजीएमला चार्जिंगचा व्होल्टेज किंचित जास्त लागतो, म्हणून तिचा मोड वेगळा असतो. लिथियमचा मोड शिशाच्या बॅटरीवर लावायचा नाही. 'रिपेअर' किंवा 'रिकंडिशन' नावाचे बटण असेल तर त्यावर फार विसंबू नका. तो मोड पंधरा व्होल्टच्याही वर जातो. ताज्या सल्फेटवर त्याचा थोडा उपयोग होतो हे मी पाहिले आहे, वर्षभर पडून राहिलेल्या बॅटरीवर मात्र जवळजवळ कधीच नाही. वापरायचाच असेल तर बॅटरी गाडीपासून सोडवून वापरा. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला तेवढा व्होल्टेज सोसत नाही. एजीएमवर तर उत्पादकाने सांगितल्याशिवाय नकोच.

जोडायचा क्रम: चार्जरचा प्लग बंद, लाल चिमटा पॉझिटिव्हला, काळा इंजिनाच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला, मग प्लग चालू. काढताना आधी प्लग बंद. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि चिमटा लावताना उडालेली ठिणगी त्याला पुरते. मी हे पुस्तकातले सांगत नाही. शिकाऊ असताना एका बॅटरीचे झाकण माझ्या समोर उडालेले आहे. तेव्हापासून बॅटरीवर वाकताना डोळ्यांना चष्मा असतो आणि हातात अंगठी नसते. बंद खोलीत चार्जिंग करू नका, हवा खेळती हवी.

नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, बॅटरीत किती आले आणि किती गेले याचा हिशोब तो ठेवतो. काळा चिमटा थेट त्या टर्मिनलला लावला तर चार्जरने दिलेला करंट सेन्सरच्या हिशोबात येत नाही. तिथे काळा चिमटा बॉडीच्या धातूलाच लावा. मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते.

आता मल्टिमीटर. हे सगळ्यात साधे हत्यार, आणि वरच्या दोन्ही वस्तूंआधी हेच घ्यावे, कारण बॅटरी खरोखर उतरली आहे का हेच अनेकदा पाहिलेले नसते. तुमच्या बाबतीत टक-टक-टक आवाज येतो, त्यामुळे व्होल्टेज पडतो हे जवळजवळ नक्की. पण एकच 'ठक्' होऊन शांतता झाली असती तर मी सेल्फ, त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा टर्मिनल आधी तपासले असते. टर्मिनल तर तुमचेही तपासाच. प्लास्टिकचे झाकण वर करा. शिशाच्या खांबाभोवती पांढरट-हिरवट भुकटी फुललेली दिसली किंवा क्लॅम्प हाताने जरासा जरी फिरला, तर आधी तो साफ करून घट्ट करा. गरम पाण्यात सोडा कालवून ओतला की ती भुकटी फेसाळत निघून जाते, मग तारेच्या ब्रशने घासून कोरडे करायचे. दिवे लागायला हा सैल सांधा पुरतो, दीडशे अँपिअरला पुरत नाही. अशा गाडीला लोक नवी बॅटरी बसवतात, त्या निमित्ताने क्लॅम्प घट्ट होतो, गाडी चालू होते आणि जुनी बॅटरी निष्कारण बाद ठरते.

मीटरवर काय पाहायचे? गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काहीही चालू न करता टर्मिनलवर मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे रिकामी. बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट दिसले की लोक निर्धास्त होतात, पण तिथे ती पाऊण रिकामी झालेली असते. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहत राहा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी दमलेली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर ठीक. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर होत असतो, तेव्हा एका नजरेत निकाल देऊ नका.

गाडी बंद असताना होणारी करंटची गळती शोधायची तर मीटर अँपिअरवर करून निगेटिव्ह केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडावा लागतो. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, कारण कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. तोवर दिसणारा मोठा आकडा खोटा असतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज तत्क्षणी जातो. झोपेनंतर ५० मिलिअँपिअरच्या बरेच वर दिसले तर एकेक फ्यूज काढत जायचे आणि आकडा कुठे पडतो ते पाहायचे. माझ्या अनुभवात दोषी बहुतेक वेळा नंतर बसवलेली वस्तू असते. गाडी बंद असतानाही चालणारा डॅशकॅम, ट्रॅकर, बाहेरून बसवलेला स्टिरिओ. डॅशकॅमने पाव अँपिअर जरी घेतला तरी दिवसाचे सहा अँपिअर-अवर होतात. तुमची भरलेली बॅटरी तो आठवडाभरात बसवेल. डिक्कीतला न विझणारा दिवाही पाहा, तो बाहेरून दिसत नाही. मोबाइल आत ठेवून व्हिडिओ चालू करा, डिक्की लावा आणि नंतर पाहा.

मग जंप स्टार्टर निरुपयोगी का? अजिबात नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत एक आहे. चार्जरला प्लग लागतो आणि वेळ लागतो, रस्त्यात यांपैकी काहीच नसते. रात्री उशिरा एकट्याने प्रवास करणाऱ्याला, लांबच्या वाटेला जाणाऱ्याला, घरी म्हातारे माणूस असून कधीही निघावे लागेल अशा घराला मी आधी जंप स्टार्टरच सांगेन. तुमची गाडी घराजवळ फिरते आणि बसते तीही घरी, म्हणून तुमच्यासाठी तो दुसरा.

घेताना खोक्यावरच्या हजार, दोन हजार 'पीक' अँपिअरकडे पाहून निवडू नका. ते पीक मोजायची सगळ्यांना बांधील अशी एकच पद्धत नाही, आणि तेवढा करंट मिळालाच तरी डोळ्याची पापणी लवेपर्यंत. गाडीच्या बॅटरीवरचा थंडीतला क्रँकिंगचा, म्हणजे इंजिन फिरवण्याचा, आकडा तसा नसतो. उणे १८ अंशांत तीस सेकंद तेवढा करंट देऊन ७.२ व्होल्टच्या वर टिकली तरच तो लिहिता येतो. जंप स्टार्टरवर पीकशिवाय सलग द्यायचा 'स्टार्टिंग' करंट वेगळा लिहिला असेल तर तो पाहा. किती लिटरच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनासाठी आहे ते पाहा आणि आपल्या इंजिनाहून एक पायरी वरचा घ्या. चिमट्यांच्या वायरी अंगठ्याएवढ्या जाड आणि आखूड असाव्यात. उलटे जोडले तर अडवणारे संरक्षण हवेच.

आणि उष्णता. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर लिथियम ठेवणे धोक्याचे आहे. सीटखाली किंवा डिक्कीत सावलीला ठेवा, कडक उन्हाळ्यात घरी न्या. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे सेल उष्णता अधिक सोसतात, मिळाले तर तेच घ्या. दर तीन महिन्यांनी काढून चार्जिंग पाहायचे. वर्षभर डिक्कीत विसरलेला जंप स्टार्टर ऐन वेळी रिकामा निघतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. सुपरकपॅसिटरवर चालणारा एक प्रकार असतो, त्यात बॅटरीच नसते. तो तुमच्याच उतरलेल्या बॅटरीतला उरलेला करंट दोन-तीन मिनिटांत गोळा करतो आणि एकदम सोडतो. वर सेल्फचा हिशोब पाहिलात, म्हणून हे शक्य होते. उन्हात पडून राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. मात्र बॅटरी पार कोरडी असेल तर त्याला बाहेरून करंट द्यावा लागतो.

वापरताना लाल पॉझिटिव्हला, काळा इंजिनाच्या धातूला, जोडून मिनिटभर थांबा. सेल्फ चार-पाच सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. तीन प्रयत्नांत झाले नाही तर दोष दुसरीकडे आहे. इंजिन चालू होताच अर्ध्या मिनिटाच्या आत चिमटे काढा, आधी काळा. बॅटरी इतकी बसली असेल की जंप स्टार्टरला ती दिसतच नाही, तर 'बूस्ट' बटण असते. ते दाबले की बहुतेक उपकरणांत उलट जोडणीचे संरक्षणही बंद होते. दाबण्याआधी लाल-काळा दोनदा पाहा. कडाक्याच्या थंडीत गोठलेली किंवा पोट फुगलेली, तडा गेलेली बॅटरी जंपही करायची नाही आणि चार्जही नाही.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तिथे सहसा सेल्फ फिरवायचा नसतो, फक्त कंट्रोल युनिट आणि रिले जागे करायचे असतात, म्हणून छोटा जंप स्टार्टरही चालतो. जोडायची जागा मात्र मॅन्युअलमध्ये पाहूनच.

तुमच्याकडे गाडीजवळ प्लग नसेल तर? मग दोन वाटा आहेत. महिन्यातून एकदा बॅटरी काढून घरात आणून चार्ज करायची, किंवा रविवारची फेरी वीस मिनिटांऐवजी मोकळ्या रस्त्यावर तासभराची करायची. दुसऱ्या वाटेने बसलेली बॅटरी उठणार नाही, पण भरलेली बॅटरी भरलेली राहील. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना तो शेवटी. बारा-चौदा किलो वजन असते, सरळच धरायची, आडवी नाही. काढण्याआधी दरवाजा आणि डिक्की किल्लीने उघडते ना याची खात्री करा, रिमोट चालणार नाही. काही गाड्यांत स्टिरिओचा कोड विचारतो आणि काचांचे ऑटो बटण पुन्हा शिकवावे लागते. बोनेट उघडायची केबल आतून ओढायची असते हे विसरून गाडी लॉक करू नका.

तर या शनिवारी असे करा. टर्मिनल साफ करून घट्ट करा. चार्जर आणून, किंवा कोणाचा मागून, बॅटरी पूर्ण भरा, हिरवा दिवा लागेपर्यंत. मग चार्जर काढा आणि निगेटिव्ह केबल सोडवून ठेवा. रविवारी सकाळी मोजा, पुन्हा सोमवारी सकाळी मोजा, केबल सुटीच ठेवून. दोन्ही वेळा १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी शाबूत आहे. मग केबल जोडून तीन-चार दिवसांनी मोजा. तोवर १२.५ च्या खाली आली तर गाडीत गळती आहे, फ्यूज काढत शोधावी लागेल. तेवढी पडली नाही तर दोष तुमच्या छोट्या फेऱ्यांचा, आणि पंधरा दिवसांतून एक रात्र चार्जर हे त्याचे पूर्ण उत्तर. पण केबल सुटी असतानाच आकडा १२.४ किंवा त्याखाली घसरला, तर बॅटरीने सल्फेट धरले आहे किंवा आतला एखादा सेल गेला आहे. तशा वेळी आधी नवी बॅटरी घ्या आणि चार्जर तिच्यासाठी ठेवा. तिन्ही आकडे कागदावर तारखेसह लिहा आणि मला कळवा. गाडीत नंतर काय काय बसवले आहे तेही सांगा, डॅशकॅम असेल तर तो कुठल्या फ्यूजवर जोडला आहे ते आधी पाहू.